रंगवलेली तबकडी

'जुनें तें सोनें' ही म्हण ज्यांनीं रूढ केली, त्यांना जुनें पोलाद एके दिवशीं सोन्याहून महाग विकलें जाईल अशी कल्पना स्वप्नांतहि शिवली नसेल. परंतु तसें घडलें आहे खरें. इ. स. २०१७ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या एका लिलावांत पॉल न्यूमन या अमेरिकन नटाचें 'रोलेक्स डेटोना' हें मनगटी घड्याळ १,७७,५२,५०० डॉलरांना विकलें गेलें. त्यांत सोनें नव्हतें कीं हिरा नव्हता. होतें तें केवळ पोलाद. पुढें दोनच वर्षांनीं, २०१९ च्या नोव्हेंबरांत, जिनीव्हा येथील एका धर्मादाय लिलावांत 'पाटेक फिलिप'च्या एका घड्याळाला ३ कोटि १० लक्ष स्विस फ्रँक आले, तेंहि पोलादीच. ज्या धातूचे डबे आणि पातेलीं आमच्या मांडणीवर ओळीनें बसलेलीं असतात, त्याच्याच एका भाईबंदानें सुवर्णाची गादी बळकावावी, याला काय म्हणावें याचा विचार करण्यापूर्वीं एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. या रोगाची बाधा मलाहि झालेली आहे.

मात्र माझा रोग गरिबाचा आहे. उपनगरांतील एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवून जें मिळतें, त्यांत डेटोनाचा पट्टादेखील यावयाचा नाहीं. माझ्याजवळ एकोणीस घड्याळें आहेत. तीं सारीं पोलादाचीं, सारीं किल्ली देण्याचीं अथवा मनगटाच्या हालचालीवर आपोआप चालणारीं. त्यांत फाव्र-लूबा आहे, वेस्ट एंड कंपनीचें 'सोवार प्रायमा' आहे, रोमर आहे, रिको आहे, जपानी सेइको आहे. आणि आमच्या एच. एम. टी. चीं 'जनता' व 'पायलट' हीं तर आहेतच. यांतील एकाचीहि किंमत माझ्या महिन्याच्या पगाराला पोहोंचत नाहीं. रविवारीं सकाळीं तीं सर्व चटईवर ओळीनें मांडून मी एकेकाला किल्ली देऊं लागलों, म्हणजे घरांतील मंडळी मला देवपूजेला बसलेल्या माणसाप्रमाणें न छेडतां सोडून देतात.

पोलादाला हा मान मिळाला तो कुळावरून नव्हे, कर्तृत्वावरून. गंज न धरणारें पोलाद हॅरी ब्रिअर्ली यानें शेफील्ड येथें १९१३ सालीं तयार केलें. त्यापूर्वीं भारी घड्याळ म्हणजे सोन्याचें किंवा चांदीचें, आणि राहावयाचें तें खिशांत. घड्याळ मनगटावर आलें तेव्हां त्याला ऊन, घाम, पाणी आणि धक्के या सर्वांशीं गांठ घालावी लागली, आणि तेथें मऊ सोन्याचा निभाव लागेना. हिंदुस्थानांतील ब्रिटिश अधिकारी पोलो खेळतांना घड्याळांच्या कांचा फोडीत. त्यांच्या तक्रारीवरून १९३१ सालीं 'रिव्हर्सो' हें घड्याळ जन्मास आलें, असें सांगतात. त्याची तबकडी पालथी फिरवली कीं वर पोलादी पाठ येते आणि कांच सुरक्षित राहते. १९५३ सालीं पाणबुड्यांसाठीं रोलेक्सनें 'सबमरीनर' आणि ब्लांपेंनें 'फिफ्टी फॅदम्स' तयार केलें. १९६२ सालीं फाव्र-लूबानें गिर्यारोहकांसाठीं 'बिव्हुआक' काढलें. तें वेळेबरोबर पर्वताची उंचीहि दाखवी. ओमेगाचें 'स्पीडमास्टर' १९५७ सालीं निघालें आणि बारा वर्षांनीं चंद्रावर गेलें. हीं सारीं कष्टकरी घड्याळें होतीं. खलाशी, सैनिक, इंजिनियर, वैमानिक हे त्यांचे धनी. आणि मार सोसणें हाच त्यांचा धर्म.

चंद्रावर गेलेल्या त्याच सालच्या, म्हणजे १९६९ च्या, नाताळांत सेइकोनें क्वार्ट्झवर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ जपानच्या बाजारांत आणलें. चाकांच्या, कमानीच्या घड्याळांहून तें कितीतरी पटींनीं अचूक होतें. वेळ पाहण्यासाठीं जुन्या यंत्राची गरज उरणार नाहीं हें थोड्याच वर्षांत स्पष्ट झालें. आणि ज्याची गरज सरली त्याचा दागिना झाला. १९७२ सालीं जेराल्ड जेंटा या कलावंतानें रेखलेलें 'रॉयल ओक' बाजारांत आलें. तें पोलादाचें होतें, पण सोन्याच्या कित्येक घड्याळांहून महाग होतें. १९७६ सालीं त्याच हाताचें 'नॉटिलस' आलें. पोलाद चैनीचें झालें तें तेव्हांपासून. आणि एकदां नवें पोलाद चैनीचें झाल्यावर जुन्या, राबलेल्या पोलादाकडेहि श्रीमंतांची दृष्टि वळावी यांत नवल नाहीं.

नवल आहे तें पुढेंच. माझा एक जुना विद्यार्थी आतां सुखवस्तु झाला आहे. मुलुंडांतच, पूर्वीं जेथें एक कारखाना होता त्या जागेवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत पंचविसाव्या मजल्यावर तो राहतो. त्याच्याजवळ साठ सालानंतरचें एक सबमरीनर आहे. तें त्यानें मला तिजोरींतून काढून दाखवलें तेव्हां माझा हात खरोखरच थरथरला. वस्तु तशीच सुंदर होती. "सर, हातांत घ्या," तो म्हणाला, "फक्त किल्ली देऊं नका." मनोऱ्याच्या तळाशीं पोहण्याचा तलाव आहे आणि हा गृहस्थ रोज सकाळीं नियमानें तेथें उतरतो. त्या वेळीं त्याच्या मनगटावर प्लास्टिकचें घड्याळ असतें. खोल समुद्रासाठीं घडवलेलें घड्याळ वर तिजोरींत कोरडें पडलेलें असतें. नथ किंवा ठुशी पेटींत असली तरी लग्नामुंजीला एकदां तरी बाहेर निघते. या पोलादाच्या नशिबीं तेवढेंहि नाहीं. त्याची किंमत टिकते ती त्याच्यावर एकहि नवा ओरखडा नाहीं म्हणून. आणि ओरखडा सोसावा यासाठींच तर त्याला पोलादाचें केलें होतें.

अव्वल संग्राहकांचा धर्मच असा आहे. घड्याळ कारखान्यांतून निघालें त्या क्षणीं जसें होतें तसें असावें. तबकडी तीच, कांटे तेच, त्यांवरचें रेडियमदेखील तेंच. कडा पॉलिश करून गोल केलेल्या नसाव्यात. या धर्मांत सर्वांत मोठें पातक कोणतें असें विचाराल, तर तबकडी पुन्हां रंगवणें हें होय. आणि मुंबईकर या नात्यानें येथें मला खालीं मान घालावी लागते. कारण देशोदेशींच्या या छांदिष्टांच्या बोलींत या पातकाला माझ्या शहराचें नांव पडलें आहे. 'मुंबई स्पेशल' असें ते म्हणतात, आणि नवशिक्याला पहिली सूचना देतात ती त्यापासून दूर राहण्याची. आंत एखादें जुनें, झिजलेलें मशीन. वर लाल, हिरवी नाहींतर मोरपंखी रंगाची तबकडी. तिच्यावर कोणत्या तरी नामांकित कंपनीचें नांव, कधीं मशीनशीं ज्याचा कांहींच संबंध नाहीं असें. अशीं घड्याळें मुंबईहून परदेशीं थोडक्या डॉलरांत विकलीं जातात, आणि घेणारा पुढें कपाळाला हात लावतो.

ही निंदा खोटी नाहीं. परंतु निंदकांना या विद्येचा उगम ठाऊक नसतो. फाव्र-लूबाचा मुंबईशीं संबंध जडला तो १८६५ सालीं. स्विस घड्याळांची ओळख या शहराला तेव्हांपासूनची. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वांचवण्यासाठीं सरकारनें आयातीवर कडक निर्बंध घातले. एच. एम. टी. नें सिटिझन या जपानी कंपनीच्या साहाय्यानें बंगळूर येथें १९६१ सालीं घड्याळें बनवण्यास आरंभ केला खरा, पण मागणी पुष्कळ आणि माल थोडा अशीच स्थिति बरींच वर्षें होती. परदेशीं घड्याळ मिळे तें बहुधा चोरट्या वाटेनें. अशा काळांत एकदां घेतलेलें घड्याळ तीस-चाळीस वर्षें चालवणें भाग होतें; आणि चालवावयाचें कोठें, तर मुंबईंत! येथें चार महिने पाऊस, बारा महिने खारी हवा, आणि सकाळच्या लोकलमध्यें माणसाला माणसाचा घाम. झांकणाखालचें रबर कडक होई, कांचेच्या आंत वाफ धरे, आणि तबकडीवर देवीच्या व्रणांसारखे ठिपके उठत. कंपनीकडून नवी तबकडी मागवणें म्हणजे आकाशांतील चांदणी मागवणें. मग शहराच्या गल्ल्यांतून एक कारागिरी उभी राहिली. हे कारागीर तबकडीचा बिघडलेला रंग धुवून काढीत, खालचा पितळी पत्रा घांसून लख्ख करीत, त्यावर नवा रंग चढवीत, आणि कोरीव पत्र्यावरील शाई मऊ रबरी गोळ्यावर उचलून नांव आणि आंकडे पुन्हां उमटवीत. अक्षर एखादें इकडेतिकडे सरके. पण घड्याळ पुन्हां वाचतां येई.

आपल्या समाजाला यांत वावगें असें कांहींच दिसलें नाहीं, आणि दिसण्याचें कारणहि नव्हतें. माझ्या आईच्या पितळी भांड्यांना दरसाल कल्हई होई. कल्हई झाली म्हणून तें पातेलें खोटें झालें असें कोणी म्हणालें नाहीं. उलट कल्हई न केलेल्या भांड्यांत आमटी कळकते म्हणून तेंच त्याज्य. झिजलेल्या मूर्तीला वज्रलेप करतात, पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करतात, आणि जीर्णोद्धार करणाऱ्याला पुण्य लागतें. वस्तु टिकवणें म्हणजे ती वापरांत ठेवणें, ही आपली जुनी समजूत. वस्तु टिकवणें म्हणजे तिला हात न लावणें, ही समजूत पदार्थसंग्रहालयांबरोबर आली. एच. एम. टी. चा घड्याळांचा धंदा बंद करण्यास केंद्र सरकारनें २०१६ च्या जानेवारींत मान्यता दिली, आणि काल जें 'जनता' घड्याळ आम्ही घामांत, पावसांत बिनदिक्कत वापरीत होतों तेंहि संग्रहाची वस्तु झालें. तेव्हां या दोन समजुतींचा झगडा आतां आमच्याहि घरांत शिरला आहे.

मग लबाडी कोठें सुरू झाली? माझ्या मतें ती रंगांत सुरू झाली नाहीं. धनी बदलला तेथें सुरू झाली. पूर्वीं तबकडी रंगवली जाई ती ज्याचें घड्याळ त्याच्या सांगण्यावरून, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याचसाठीं. तो फसत नव्हता. पुढें स्वस्त क्वार्ट्झ घड्याळें आलीं, जुनीं घड्याळें किलोच्या भावानें चोरबाजारांत जाऊन पडलीं, आणि त्याच हातांना अनोळखी, दूरच्या गिऱ्हाइकासाठीं काम मिळूं लागलें. कृति तीच, रंग तोच. पण काल जी गिऱ्हाइकासाठीं होत होती ती आज गिऱ्हाइकाविरुद्ध होऊं लागली. दुरुस्ती आणि लबाडी यांच्यामधली रेघ इतकी बारीक आहे, आणि ती घड्याळाच्या तबकडीवर शोधून सांपडावयाची नाहीं.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणें मोकळ्या मनानें मांडलें पाहिजे, कारण तें माझेंहि अर्धें म्हणणें आहे. प्रत्येकानें आपल्या सोयीप्रमाणें घड्याळें रंगवलीं असतीं, तर १९५३ सालीं कोणत्या कंपनीनें काय बनवलें हें आज कोणालाच सांगतां आलें नसतें. जुनी पोथी वाचतांना नकलकारानें मध्येंच आपल्या पदरच्या ओव्या घातल्या म्हणजे पाठभेद जुळवणाऱ्या पंडिताचा जो संताप होतो, तोच संग्राहकाचाहि असतो. मूळ संहिता मिळावी हा आग्रह ज्ञानाचा आहे. केवळ पैशाचा असता तर मी त्याकडे लक्ष दिलें नसतें.

पण एका वस्तूला एकच संहिता असते हें कोणीं सांगितलें? या मुंबईनेंच एके काळीं दोन वेळा पाळल्या आहेत. १९०६ सालीं भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत टिकून होती; ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें. आगगाडी एका वेळेनें सुटे आणि शहराचा सूर्य दुसऱ्या वेळेनें माथ्यावर येई. यांतली खरी कोणती? दोन्ही खऱ्या. एक देशाच्या सोयीची, दुसरी शहराच्या डोक्यावरच्या आकाशाची. घड्याळांतहि मला अशींच दोन सत्यें दिसतात. एक कारखान्याचें सत्य: तें घडवलें कसें. दुसरें मनगटाचें सत्य: तें जगलें कसें. संग्राहक पहिल्यालाच तेवढें सत्य म्हणतो.

आणि गंमत अशी कीं, बाजारालाहि आपला हा नियम नेटानें पाळतां येत नाहीं. पॉल न्यूमनच्या घड्याळाला तेवढी किंमत आली ती कारखान्याचें सत्य पाहून नव्हे. तशींच घड्याळें त्या कारखान्यानें आणखीहि बनवलीं होतीं. या एका घड्याळाच्या झांकणावर मोटारींच्या शर्यतींत रमणाऱ्या नवऱ्याला गाडी सांभाळून चालवण्याविषयीं बायकोनें कोरून घेतलेले शब्द होते. तें त्यानें अनेक वर्षें वापरलें, आणि शेवटीं मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकलें. किंमत आली ती मनगटाची. दुसरें उदाहरण याहून मौजेचें आहे. कांहीं जुन्या काळ्या तबकड्या वर्षानुवर्षें ऊन खाऊन तपकिरी पडतात. हा उघडउघड बिघाड. पण त्याला 'ट्रॉपिकल' असें गोड नांव देऊन संग्राहक त्याबद्दल अधिक दाम मोजतात. म्हणजे आमच्या उष्ण कटिबंधाचें नांव घेऊन उन्हाचा डाग अलंकार ठरतो, आणि त्याच उष्ण कटिबंधांतील पावसाचा डाग पुसणाऱ्या कारागिराच्या गांवाचें नांव शिवी ठरतें! माझ्या मनांत हा न्याय अजून उतरलेला नाहीं.

हा सारा वाद मला पुस्तकी राहिला नाहीं, तो एका घड्याळामुळें. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं, भांडुपच्या एका कारखान्यांत फिटर होते. संगमेश्वराकडून ते मुंबईस आले ते १९५७ सालीं. सात वर्षांनीं, थोडे थोडे पैसे मागें टाकून, त्यांनीं फोर्टांतील एका दुकानांतून फाव्र-लूबाचें 'सी-चीफ' घेतलें. पोलादाचें, सतरा ज्वेलचें, हातानें किल्ली देण्याचें. दोन महिन्यांचा पगार त्यांत गेला. तेव्हां आमच्या चाळीच्या हिशेबानें ती चैनच होती. नांवांत समुद्र असला तरी ठाण्याच्या खाडीपलीकडचा समुद्र त्या घड्याळानें फारसा पाहिला नाहीं. कामावर असतांना अण्णा तें मनगटाच्या आंतल्या बाजूस वळवून घालीत, म्हणजे लोखंडावर कांच आपटत नसे. कारखान्याच्या भोंग्याशीं रोज त्याची गांठ घालून दिली जाई.

१९७९ च्या पावसाळ्यांत भांडुपहून मुलुंडला पाण्यांतून चालत येतांना घड्याळांत पाणी शिरलें. मशीन वांचलें, तबकडी गेली. मूळची तबकडी रुपेरी होती आणि तिच्यावर आंकड्यांच्या जागीं नुसत्या रेघा होत्या. मुलुंड स्टेशनाजवळच्या घड्याळजीनें विचारलें, "तशीच करून आणूं ना?" अण्णा म्हणाले, "नको. रेघांच्या जागीं आंकडे घाला, सगळे बाराच्या बारा. धाकटीला घड्याळ शिकवायचंय." माझी बहीण तेव्हां सहा वर्षांची होती. आठ दिवसांनीं तबकडी आली ती दुधाळ रंगाची, निळसर काळ्या आंकड्यांची. कंपनीच्या नांवांतलें शेवटचें अक्षर किंचित् खालीं घसरलेलें, आणि तळाचा 'स्विस' हा बारीक शब्द साफ गळालेला. त्या आंकड्यांवर बोट ठेवून ती वेळ वाचावयास शिकली. अण्णा १९९१ सालीं निवृत्त झाले आणि २००३ सालीं वारले. तोंवर त्यांच्या मनगटावर तीच तबकडी होती. तेव्हांपासून घड्याळ माझ्याकडे आहे. माझ्या एकोणिसांतलें तें एक. आणि संग्राहकांच्या शास्त्राप्रमाणें एकोणिसांतलें सर्वांत हलकें.

गेल्या वर्षीं त्याच घड्याळजीचा मुलगा, जो आतां त्या दुकानांत बसतो आणि बहुतेक दिवस क्वार्ट्झ घड्याळांचे सेल बदलण्यांत घालवतो, मला म्हणाला, "सर, एक चीज दाखवतों." कोठल्याशा मोडलेल्या सी-चीफमधून निघालेली मूळची तबकडी त्यानें माझ्यासाठीं ठेवली होती. रुपेरी, रेघांची, डाग नसलेली. तळाशीं 'स्विस' हा शब्द जागच्या जागीं. माझ्या विद्यार्थ्याला मी ती दाखवली तेव्हां त्याचे डोळे चमकले. "सर, बसवून टाका. घड्याळ पुन्हां खरं होईल." त्याच्या बोलण्यांत पैशाचा वास नव्हता, तो मनापासून बोलत होता. रात्रीं मी बोरिवलीस बहिणीला फोन केला. सगळें ऐकून घेऊन ती म्हणाली, "दादा, घड्याळ तुझ्याकडे आहे, तुला योग्य वाटेल तें कर. पण मग तें अण्णांचं राहणार नाहीं, कंपनीचं होईल."

राजा मिलिंद आणि भिक्षु नागसेन यांचा रथाविषयींचा संवाद वाचकांस परिचित असेलच. चाक म्हणजे रथ नव्हे, कणा म्हणजे रथ नव्हे, जूं म्हणजे रथ नव्हे. मग रथ कोणता? अण्णांच्या घड्याळाची कमान दोनदां बदललेली आहे, कांच तीनदां, किल्लीचें बोंड एकदां, आणि पट्टे किती झाले याची गणतीच नाहीं. मग अण्णांचें घड्याळ कोणतें? परंतु या जुन्या प्रश्नाला येथें एक नवा पेंच आहे. आमच्या तबकडीवरचा रंग परका आहे, पण त्याखालचा पितळी पत्रा तोच आहे जो १९६४ सालीं अण्णांनीं विकत घेतला. दुकानांतल्या तबकडीचा रंग कारखान्याचा आहे, पण पत्रा कोणा अनोळखी माणसाच्या घड्याळाचा. ती बसवली असती तर घड्याळ शास्त्रशुद्ध दिसलें असतें. आणि दोन मोडलेल्या आयुष्यांचें एक साबूत आयुष्य असल्याची बतावणी करूं लागलें असतें. मुंबई स्पेशल दुसरें काय करतें?

निर्णय झाला तो या तर्कानें नव्हे. घड्याळजीच्या मुलानें साफसफाईसाठीं झांकण उघडलें, आणि माझ्या हातांत भिंग देऊन म्हणाला, "आंतल्या बाजूला बघा." पोलादाच्या पाठीवर सुईच्या टोकानें कोरलेल्या चार सूक्ष्म खुणा होत्या. ७/६९. ३/७४. ८/७९. ११/८८. प्रत्येकीपुढें एक लहानशी सही. घड्याळ दुरुस्तीला आलें कीं घड्याळजी झांकणाच्या आंत आपली तारीख आणि खूण कोरून ठेवतो. पुढें तेंच घड्याळ परत आलें तर आपण कधीं हात लावला होता हें त्याला कळावें म्हणून. ही रीत देशोदेशींच्या घड्याळज्यांची आहे. चारपैकीं तीन खुणा एकाच हाताच्या होत्या. "हे बाबा," तिसऱ्या खुणेवर चिमट्याचें टोक ठेवून तो म्हणाला. ८/७९: म्हणजे तबकडी रंगवली तोच महिना.

ती खूण मी बराच वेळ पाहत राहिलों. ज्या कारागिरीला जग बनावट म्हणतें, तिनें आपल्या कामाची नोंद आपल्याच हातानें पोलादावर करून ठेवली होती. लपवण्याची इच्छा असलेला माणूस तारीख कोरीत नाहीं. कारखान्याचें सत्य पुढच्या बाजूनें पुसलें गेलें असेल. मनगटाचें सत्य पाठीमागें, कोणी विचारील म्हणून, चाळीसांहून अधिक वर्षें जपून ठेवलेलें होतें. मला वाटतें, संग्राहकानें शुद्धतेचा ध्यास धरण्यापेक्षां या नोंदीचा धरावा. काय बदललें, केव्हां बदललें, कोणासाठीं बदललें, हें स्पष्ट लिहून ठेवलें कीं मग तबकडी रंगवलेली असो वा कोरी असो, घड्याळ खोटें होत नाहीं. आणि हें लिहून ठेवलें नाहीं, तर तिजोरींतलें निष्कलंक पोलादहि आपल्याविषयीं फारसें कांहीं सांगूं शकत नाहीं.

ती रुपेरी तबकडी मी घड्याळजीला परत दिली. ज्याची तबकडी खरोखरच नाहींशी झाली आहे असें एखादें सी-चीफ या शहरांत कोठें तरी असेल. ती त्याच्या कामीं येईल. अण्णांच्या घड्याळाच्या पेटींत मी एक चिठ्ठी लिहून ठेवली आहे: खरेदी, पाऊस, आंकडे, धाकटी, सारें सालवार. घड्याळ तेलपाणी होऊन परत आलें तें मी रोज हातांत घालतों. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत लोकलच्या दांडीला लोंबकळतांना त्याला माझा घाम लागतो, दुसऱ्याच्या डब्याचा कोपरा लागतो, आणि दिवसाला दोन-तीन मिनिटें तें पुढें पळतें. विद्यार्थ्याला अजून माझें म्हणणें पटलेलें नाहीं; पण परवां आला तेव्हां त्यानें भिंग मागून घेतलें आणि झांकणाच्या आंतल्या खुणा एकेक करून वाचल्या.

आतां त्या पांच झाल्या आहेत. पांचवी २/२५, मुलाच्या हातची. बापाच्या सहीच्या जरा खालीं. झांकणावर अजून पुष्कळ जागा शिल्लक आहे.